मॉड्युलर पॅचमध्ये इफेक्ट कसे लावावेत: व्हीसीव्ही रॅकवरची पहिली पावलं

तयार इफेक्ट घ्यायचा, शेवटी लावायचा आणि नॉब फिरवत बसायचं, ही सवय मॉड्युलरमध्ये, म्हणजे छोटी मॉड्यूल केबलने जोडून आवाज घडवताना, लवकरच अपुरी पडते. इथे फ्लँजर, कोरस, एको आणि रिव्हर्ब ही वेगवेगळी यंत्रं नसतात. एकच डिले (आवाज थोडा उशिरा परत देणारं मॉड्यूल) कमी-जास्त वेळेचा केला, त्याचं आउटपुट परत त्याच्याच इनपुटला दिलं, की यातलं बरंच काही हाताशी येतं. फिल्टर, व्हीसीए (व्होल्टेजने पातळी कमी-जास्त करणारं मॉड्यूल), डिस्टॉर्शन आणि डिले या चार गोष्टी नीट समजल्या तर शंभर मॉड्यूल डाउनलोड करायची गरज राहत नाही.

खालचं सगळं व्हीसीव्ही रॅक या संगणकावरच्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या दुसऱ्या आवृत्तीवर करता येतं. तिची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. तिच्यासोबत येणाऱ्या ‘फंडामेंटल’ संचात बहुतेक मॉड्यूल मिळतात. एक-दोन बाहेरची लागतील तिथे ती सांगितली आहेत. तत्त्वं मात्र खऱ्या युरोरॅकला (हार्डवेअर मॉड्युलरला) किंवा दुसऱ्या कुठल्याही मॉड्युलर सॉफ्टवेअरलाही लागू पडतात.

आधी चाचणीचा आवाज

इफेक्ट ऐकायचा तर मूळ आवाज साधा आणि तुटक हवा. लांबलेल्या सुरावर एकोचं शेपूट ऐकूच येत नाही.

१. व्हीसीओचं (मूळ सूर देणाऱ्या ऑसिलेटरचं) सॉ आउटपुट व्हीसीएफच्या (फिल्टरच्या) इनपुटला जोडा.
२. व्हीसीएफचं लो-पास (खालच्या वारंवारता जाऊ देणारं) आउटपुट व्हीसीएला, आणि व्हीसीएचं आउटपुट ऑडिओ मॉड्यूलच्या दोन्ही चॅनलना द्या.
३. एलएफओची (संथ लाट देणाऱ्या ऑसिलेटरची) वारंवारता सुमारे ०.५ हर्ट्झ ठेवा आणि त्याचं स्क्वेअर आउटपुट एडीएसआरच्या (ठोक्याचा चढ-उतार ठरवणाऱ्या मॉड्यूलच्या) गेटला, म्हणजे चालू-बंदच्या इनपुटला, द्या.
४. एडीएसआरमध्ये अटॅक ५ मिलिसेकंद, डिके ३००, सस्टेन शून्य, रिलीज ३००. त्याचं आउटपुट व्हीसीएच्या सीव्हीला (नियंत्रण व्होल्टेजच्या इनपुटला).
५. व्हीसीएफचा कटऑफ (जिथून फिल्टर कापायला लागतो ती वारंवारता) २००० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स शून्य.

दर दोन सेकंदांनी एक ठोका आणि मध्ये भरपूर शांतता, असं ऐकू आलं पाहिजे. नॉबवर राइट क्लिक केलं की नेमका आकडा टाइप करता येतो आणि एककही तिथेच दिसतं. डबल क्लिकने नॉब मूळ जागी जातो. इफेक्टचा खरा फरक ऐकायचा असेल तर मॉड्यूल निवडून कंट्रोल-ई दाबा, ते बायपास होतं. डोळे मिटून दोन-तीनदा चालू-बंद करा. फरक सांगता आला नाही तर तो इफेक्ट त्या पॅचमध्ये (मॉड्यूलच्या जोडणीत) नको.

व्होल्ट मोजायची सवय

नवख्यांची निम्मी भांडणं इफेक्टशी नसतात, पातळीशी असतात. रॅकमध्ये ऑसिलेटरचा आवाज साधारण उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट इतका असतो. ऑडिओ मॉड्यूल १० व्होल्टला पूर्ण पातळी धरतं आणि त्यावरचं कापून टाकतं. म्हणजे एक ऑसिलेटर कमाल पातळीपेक्षा ६ डेसिबल खाली आहे. दोन ऑसिलेटरचे कळस एकत्र आले की जागा संपली, आणि तिसरा आला की आवाज चिरकतो. अशा वेळी लोक रिव्हर्बला दोष देतात.

म्हणून एक स्कोप मॉड्यूल पॅचमध्ये कायम ठेवा. इफेक्टच्या आधीची तार त्याच्या एका इनपुटला, नंतरची दुसऱ्याला. नंतरची लाट वरून-खालून सपाट दिसत असेल आणि तुम्ही मुद्दाम डिस्टॉर्शन लावलेलं नसेल, तर आधीच्या मिक्समधली पातळी उतरवा.

नियंत्रणाच्या व्होल्टेजमध्येही हाच घोळ होतो. ट्रेमोलोसाठी एलएफओ व्हीसीएला जोडला आणि अर्धा वेळ आवाज पूर्ण गायब, ही अगदी नेहमीची तक्रार. कारण साधं आहे: एलएफओ शून्याच्या खालीही जातो आणि व्हीसीए उणे व्होल्टेजला ‘बंद’ समजतो. एलएफओवरचं ऑफसेट बटण दाबा, म्हणजे तो ० ते १० व्होल्टमध्ये फिरेल. ४ ते ६ हर्ट्झचा साइन दिलात की सुटसुटीत ट्रेमोलो तयार.

हाच एलएफओ ऐकू येईल इतका वेगवान केला आणि व्हीसीएऐवजी दोन्ही दिशांनी गुणाकार करणारं मॉड्यूल वापरलं, तर रिंग मॉड्युलेशन मिळतं. बेफॅकोच्या संचातलं ‘ए*बी+सी’ हे काम करतं. ४४० आणि ३०० हर्ट्झच्या दोन साइन लाटा गुणल्या की आउटपुटमध्ये त्या दोन्ही नसतात; ७४० आणि १४० असतात. म्हणून आवाज घंटेसारखा, बेसूर-धातूसारखा येतो. सॉ लाटेवर लगेच चिखल होतो, साइनपासून सुरुवात करा.

फिल्टर

फिल्टरबद्दल थोडक्यात. व्हीसीएफच्या कटऑफला एडीएसआर जोडला आणि सीव्हीचा नॉब १००% ठेवला, तर १ व्होल्टला कटऑफ एक सप्तक सरकतो. एडीएसआर १० व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे दहा सप्तकं. फिल्टर पहिल्याच क्षणी पूर्ण उघडतो आणि ‘हालचाल ऐकूच येत नाही’ असं वाटतं. कटऑफ २०० हर्ट्झ आणि सीव्ही ४०% ठेवा: ४ सप्तकं म्हणजे ३२०० हर्ट्झपर्यंत जाऊन फिल्टर परत येईल. हा प्रवास कानाला स्पष्ट कळतो.

रेझोनन्स वाढवला की कटऑफजवळचा भाग उठतो आणि खर्ज पातळ वाटायला लागतो. शिडी पद्धतीच्या फिल्टरचा हा स्वभावच आहे, बिघाड नाही.

डिस्टॉर्शन: क्रमावर सगळं

डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचा आकार मोडून नवे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतल्या वारंवारता) तयार करणं. साधन कुठलंही असो, व्हीसीएफचा ड्राइव्ह नॉब, क्लिपर किंवा वेव्हफोल्डर; ते फिल्टरच्या आधी की नंतर, यावर निकाल ठरतो. आधी डिस्टॉर्शन आणि मग फिल्टर: कर्कशपणा तयार होतो आणि फिल्टर तो कापतो, आवाज जाड पण गोल राहतो. उलट क्रमात फिल्टरच्या रेझोनन्सचा उंचवटाच डिस्टॉर्शनला जोरात धडकतो आणि कटऑफ फिरवताना आवाज किंचाळतो. दोन्ही क्रम उपयोगाचे आहेत, पण कुठला लावलाय हे माहीत असावं.

दोन सूर एकत्र डिस्टॉर्शनमधून काढले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर जन्मतात. षड्ज-पंचमाला ते शोभतात, कारण नवे सूरही त्याच मालिकेत बसतात. गंधार मिसळला की गढूळपणा सुरू. स्वरसमूह स्वच्छ हवा असेल तर पॉलिफोनिक (अनेक सूर वेगवेगळे वाहून नेणारी) केबल वापरून प्रत्येक सूर वेगळा डिस्टॉर्ट करा आणि ‘सम’ मॉड्यूलने बेरीज त्यानंतर करा.

आणखी एक त्रास फक्त डिजिटलमध्ये होतो. ४८००० हर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला लाटेची ४८००० मोजमापं) २४००० हर्ट्झच्या वरचं काहीच साठवता येत नाही. ५००० हर्ट्झच्या सुराचा सातवा हार्मोनिक ३५००० वर पडायला हवा. तो दुमडून १३००० वर येतो. हा आकडा ५००० च्या पटीत नाही, म्हणून तो सुराशी जुळत नाही. वरच्या पट्टीत डिस्टॉर्शन ‘किणकिणतं’ आणि सूर चढवला की ती किणकिण उलट खाली उतरते, तेव्हा हेच झालेलं असतं. उपाय तीन: डिस्टॉर्शनच्या आधी लो-पास लावा, इंजिन मेनूतून सॅम्पल रेट ९६००० करा, किंवा ओव्हरसॅम्पलिंग करणारं मॉड्यूल निवडा. पहिला उपाय फुकटचा आहे, आधी तो करून पाहा.

डिले: इथे वेळ घालवा

व्हीसीएच्या पुढे, ऑडिओच्या आधी डिले लावा. मिक्स ५०%, फीडबॅक शून्य. आता फक्त वेळेचा नॉब हलवा आणि ऐका.

१ ते १० मिलिसेकंदांत दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. ते एकमेकांत मिसळून काही वारंवारता खाऊन टाकतात. १ मिलिसेकंदाचा उशीर आणि समान पातळी असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा जागी खड्डे पडतात. हा कंगव्यासारखा आकार हळू एलएफओने सरकवला की फ्लँजर. १५ ते ३० मिलिसेकंदांत आवाज दुहेरी होतो: कोरसचा प्रदेश. ८० ते १२० मध्ये एक स्पष्ट प्रतिध्वनी, आणि २५० च्या पुढे ताल धरणारा एको.

कोरससाठी वेळ हलवावी लागते, आणि इथे बहुतेकांचा हात जड पडतो. वेळ बदलत असताना डिले सूरही बदलतो: वेळ वाढत असेल तर सूर उतरतो, कमी होत असेल तर चढतो. ०.५ हर्ट्झच्या साइनने वेळ २ मिलिसेकंद मागे-पुढे केली तर सूर जास्तीत जास्त सुमारे ११ सेंट हलतो (१०० सेंट म्हणजे अर्धा सूर), कानाला उबदार वाटतो. तेवढीच खोली ठेवून वेग ३ हर्ट्झ केला तर ६४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्याही निम्म्याहून जास्त, आणि आवाज झिंगल्यासारखा डुलतो. वेग वाढवला की खोली त्याच प्रमाणात कमी करायची, एवढा एक नियम लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष पावलं अशी:

१. डिलेची वेळ २० मिलिसेकंद, फीडबॅक शून्य, मिक्स ५०%.
२. एलएफओचा साइन ०.५ हर्ट्झवर. तो आधी ‘८व्हर्ट’च्या (व्होल्टेज कमी करणाऱ्या मॉड्यूलच्या) एका इनपुटला द्या आणि तिथून डिलेच्या वेळेच्या सीव्हीला.
३. डिलेवरचा सीव्हीचा नॉब १००%. वेळ सप्तकाच्या हिशोबाने, म्हणजे १ व्होल्टला दुप्पट किंवा निम्मी, बदलत असेल तर १०% फरकासाठी फक्त ०.१४ व्होल्ट लागतात. ५ व्होल्टच्या एलएफओला ८व्हर्टवर २.८% इतकं खाली आणा.

२.८%! नॉब जेमतेम हललेला दिसतो. कमी करणारं मॉड्यूल मध्ये न घालता एलएफओ थेट जोडला की कोरसऐवजी भोंगा का वाजतो, ते यावरून कळेल.

मात्र सगळे डिले या कामाला सारखे नसतात. काही डिले वेळेचा बदल मुद्दाम हळूहळू पाळतात, टेप यंत्रासारखा सरकता आवाज यावा म्हणून. एकोसाठी ते छान, पण बारीक थरथर त्यांना झेपत नाही. कोरस फिका किंवा अडखळता वाटला तर आकडे बरोबर असूनही दोष डिलेच्या जातीचा असू शकतो. लायब्ररीतून खास कोरस-फ्लँजरसाठी केलेलं मॉड्यूल घ्या.

एकोचं गणित सोपं आहे. ६०००० ला लयीच्या बीपीएमने भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० ला ५००. पाऊण मात्रेचा एको हवा तर ३७५. फीडबॅक ५०% असेल तर प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा ६ डेसिबल खाली, म्हणजे दहा आवर्तनांत ६० डेसिबल उतरून आवाज व्यवहारात संपतो. ३७५ मिलिसेकंदांवर हे शेपूट पावणेचार सेकंदांचं होतं. तुमचे ठोके त्याहून जवळ असतील तर शेपटं एकमेकांवर चढतात, आणि दोष एकोचा नसून फीडबॅकच्या आकड्याचा असतो.

फीडबॅकची वाट बाहेर काढणं

डिलेच्या आतला फीडबॅक प्रत्येक आवर्तनाला जवळजवळ तेच करतो. तीच वाट बाहेरून काढली तर मध्ये काहीही घालता येतं, आणि मॉड्युलरचा खरा फायदा इथे आहे.

१. मूळ आवाज मिक्सच्या (प्रत्येक इनपुटला स्वतःचा नॉब असलेल्या मिक्सर मॉड्यूलच्या) पहिल्या इनपुटला. मिक्सचं आउटपुट डिलेला.
२. डिलेचा स्वतःचा फीडबॅक शून्य करा.
३. डिलेचं वेट (फक्त इफेक्टचा आवाज देणारं) आउटपुट दुसऱ्या व्हीसीएफला, कटऑफ १५०० हर्ट्झ, रेझोनन्स शून्य.
४. त्या व्हीसीएफचं आउटपुट मिक्सच्या दुसऱ्या इनपुटला. त्या इनपुटचा नॉब आधी शून्यावर, मग हळू ५०% पर्यंत.
५. ऐकण्यासाठी मूळ आवाज आणि डिलेचं वेट आउटपुट हे दोन्ही वेगळ्या मिक्समध्ये घेऊन ऑडिओला द्या.

आता प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा मंद आणि काळोखं होत जाईल. फिल्टरच्या जागी रिंग मॉड्युलेटर ठेवा, आवर्तनं सुरापासून दूर भटकतील. हाय-पास (वरच्या वारंवारता जाऊ देणारा फिल्टर) ठेवा, शेपूट हळूहळू पातळ होत हवेत विरेल. अशी वळणं घेणाऱ्या केबल रॅक आनंदाने स्वीकारतो, कारण प्रत्येक केबल एका सॅम्पलचा उशीर लावते आणि त्यामुळे वर्तुळ सोडवता येतं.

या वर्तुळाची एकूण वाढ १ च्या खाली राहिली पाहिजे. मिक्सचा नॉब ८०% असूनही आवाज फुगत चालला, तर फिल्टरचा रेझोनन्स पाहा: कटऑफजवळ तोच पातळी वाढवतो आणि नेमका तेवढा भाग १ च्या वर जातो. रेझोनन्स वाढवला की परतीचा नॉब उतरवा. वर्तुळात एखादा मृदू क्लिपर ठेवला तर फुगणारा आवाज कुठेतरी थांबतो, नाहीतर काही सेकंदांत सगळं भिंतीला टेकतं. वर्तुळाशी खेळताना हेडफोनची पातळी आधी उतरवा, केबल नंतर जोडा. हा सल्ला नाही, नियम समजा.

लाटेची वरची आणि खालची बाजू सारखी न मोडणाऱ्या डिस्टॉर्शनमुळे वर्तुळात लाट शून्यापासून वर किंवा खाली सरकू शकते आणि प्रत्येक फेरीत ती सरक साठत जाते. स्कोपवर रेषा मध्यापासून ढळलेली दिसली तर वर्तुळात २० हर्ट्झचा हाय-पास घाला.

रिव्हर्ब

रिव्हर्ब म्हणजे इतके दाट प्रतिध्वनी की ते वेगळे मोजता येत नाहीत. मॅनफ्रेड श्रोडरने १९६२ मध्ये मांडलेली रचना आजही शिकण्यासारखी आहे: ३० ते ४५ मिलिसेकंदांचे चार डिले समांतर, प्रत्येकाला स्वतःचा फीडबॅक, आणि त्यांच्या बेरजेनंतर ओळीने दोन ऑलपास (कुठलीही वारंवारता न कापता प्रतिध्वनी दाट करणारे फिल्टर). पहिला भाग चार डिले मॉड्यूलमध्ये करून पाहा. वेळा २९.७, ३७.१, ४१.१ आणि ४३.७ मिलिसेकंद, सगळ्यांचा मिक्स १००% वेट. शेपूट दोन सेकंदांचं हवं असेल तर फीडबॅक अनुक्रमे ९०, ८८, ८७ आणि ८६%. डिले जितका लांब तितका फीडबॅक कमी, कारण दोन सेकंदांत त्याच्या फेऱ्या कमी होतात. तरच चारही शेपटं एकाच वेळी संपतात.

वेळा मुद्दाम अशा अडनिड्या आहेत. ३०, ३०, ४०, ४० ठेवल्या तर प्रतिध्वनी एकमेकांवर पडतात आणि पत्र्याच्या नळीतून बोलल्यासारखा आवाज येतो. ८८% फीडबॅकचा डिले त्याच्या आवडत्या वारंवारतेला आठपटीहून जास्त उचलतो, म्हणून मिक्समध्ये चौघांचे नॉब २०% च्या आसपासच ठेवा.

हे ऐकायला ओबडधोबड लागेल, कारण दाटपणा आणणारे ऑलपास यात नाहीत. गाण्यासाठी तयार रिव्हर्बच घ्या. व्हॅली संचातलं ‘प्लेटो’ जॉन डॅटोरो यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्लेट रिव्हर्बच्या रचनेवर बेतलेलं आहे आणि मोफत मिळतं. पण हाताने एकदा बांधलेलं असलं की त्यावरचे डिके, साइझ वगैरे नॉब नेमकं काय करतात ते अंदाजाने नाही, समजून फिरवता येतं.

रिव्हर्बमध्ये जाणाऱ्या तारेवर २०० हर्ट्झचा हाय-पास आणि २० ते ४० मिलिसेकंदांचा साधा डिले लावा. पहिल्याने खर्ज स्वच्छ राहतो, दुसऱ्याने ठोक्याची धार रिव्हर्बमध्ये बुडत नाही. महागड्या रिव्हर्बपेक्षा या दोन गोष्टींनी जास्त फरक पडतो.

समांतर वाट

दोन-तीन आवाजांना एकच रिव्हर्ब द्यायचा असेल तर प्रत्येकाला वेगळं मॉड्यूल लावू नका. प्रत्येक आवाजाच्या आउटपुटमधून दुसरी केबल काढा, त्या एका मिक्समध्ये जमवा, तिथून रिव्हर्बला, आणि रिव्हर्बचं आउटपुट मुख्य मिक्सच्या एका वेगळ्या इनपुटला. कुणाला किती रिव्हर्ब हे जमवणाऱ्या मिक्सवर ठरतं. यात रिव्हर्ब १००% वेट हवाच. नाहीतर मूळ आवाज दोन वाटांनी येतो आणि दोन्ही वाटांत केबलची संख्या वेगळी असल्याने काही सॅम्पलचा फरक पडतो. फरक दोन सॅम्पलचा असेल तर ४८००० वर १२००० हर्ट्झला खड्डा, तीनचा असेल तर ८००० ला. आवाज उगाच निस्तेज वाटतो आणि कारण सापडत नाही.

अडलं तर

कडकड ऐकू येत असेल तर ऑडिओ मॉड्यूलमध्ये ब्लॉक साइझ २५६ वरून ५१२ करा. तरीही थांबली नाही तर एफ३ दाबून कुठलं मॉड्यूल प्रोसेसर खातंय ते पाहा. बहुतेक वेळा दोषी असतं १६ चॅनलच्या पॉलिफोनिक केबलवर बसवलेलं एखादं जड मॉड्यूल. ते ‘सम’च्या नंतर हलवा.

पॅच चालू असताना सगळा आवाज एकाएकी बंद पडला आणि केबल जागेवरच आहेत, तर बहुधा फीडबॅकमधल्या एखाद्या मॉड्यूलच्या आत आकडा हाताबाहेर गेला आहे. परतीची केबल काढा, त्या वर्तुळातली मॉड्यूल एकेक करून राइट क्लिकने इनिशियलाइज करा, आणि केबल परत जोडण्याआधी मिक्सचा तो नॉब शून्यावर आहे याची खात्री करा. इनिशियलाइज केल्यावर मॉड्यूलचे नॉब मूळ जागी जातात, म्हणून जमलेला पॅच अशा प्रयोगाआधी सेव्ह केलेला असावा.